उजव्या हाताची गिटार

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

साष्टांग घालायची आज अजिबात इच्छा नाही. पण अप्पांनी दर रविवारी टेबलाशी बसवून पत्रं लिहायला शिकवलं, ती सवय जात नाही, म्हणून लिहिलं. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर ऐक. तुझी ती इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा तुझा तो अँप येऊन घेऊन जा. माझ्या छप्पन्नाव्या वाढदिवसाला मोठ्या थाटात आणून दिलास, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कवळ्या बनवल्यास, आता स्वतःची हौस कर म्हणालास. केली हौस. चार महिने केली. आता पुरे.

दातांच्या लॅबमधून सुटले की मंगळवारी आणि शुक्रवारी टायरच्या दुकानावरच्या त्या क्लासला जाते. बाकीची सगळी पोरं माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान. मास्तर पंचविशीचे, केसांची पोनी बांधतात, पण माणूस सज्जन आहे. ते म्हणतात, काकू, तुमचा डावा हात तारांवर इतक्या लवकर बसला की मला नवल वाटतं, पण उजव्या हाताला तालच नाही. पिक म्हणजे तारा छेडायची चकती, ती खाली-वर, खाली-वर मारायची, एवढंच काम. शेंबडं पोर ते करतं. माझा हात मध्येच दगडासारखा थांबतो आणि पिक उडून अँपच्या मागे जाऊन पडतं. ते शोधायला मी ओणवी होते तेव्हा पोरं हसू दाबतात, ते मला दिसतं.

आणि तो अँप! दिसायला इवलासा, पण चूक केली की दहापट मोठी करून घरभर ऐकवतो. तुझे मेव्हणे समोर पेपर धरून बसतात आणि तासभर पान उलटत नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० मार्चला क्लासचा कार्यक्रम आहे. प्रत्येकाने घरच्यांसमोर दोन मिनिटं वाजवायचं. काल मी यादीतून नाव काढलं. मास्तरांनी राहा म्हणून आग्रहसुद्धा केला नाही, ते मला फार लागलं. लहानपणापासून एकच गोष्ट करायची होती मला, आणि तीही जमत नाही म्हणजे मी ठोंबीच.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो असू दे, वस्तू मात्र उचल.

तुझी
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर बघून नेहमीसारखं छान वाटलं आणि मजकूर वाचून हसू आलं. एका गिऱ्हाइकाला डोळे तपासायच्या खुर्चीत तसंच बसवून ठेवलं आणि आधी तुझं पत्र वाचलं.

अगं, गेनचं, म्हणजे करकर वाढवायचं बटण नऊवर ठेवून अँपला शिव्या घालू नकोस. गेन तीनच्या पुढे न्यायचा नाही. नवशिक्याला वाटतं करकर वाढवली की चुका झाकल्या जातात, पण होतं उलटंच. मेव्हण्यांची एवढी दया येत असेल तर हेडफोन लाव, त्याला मागे जागा दिलेली आहे. उजवा खांदा ढिला सोड, हात मनगटातून हलव, आणि रोज शंभर वेळा खाली-वर कर. मी बत्तीस वर्षं दुकान बंद केल्यावर वाजवतोय, मला विचार.

तू पहिल्यापासून अशीच. उजव्या हातात पेन्सिल धरायची म्हणून तेव्हाही केवढं रडगाणं लावलं होतंस. पण अप्पा हटले नाहीत, आणि आज बघ, आमचा पोस्टमन तुझा पत्ता बघून म्हणतो, बाईंचं अक्षर छापल्यासारखं आहे. हाताला वळण लावावं लागतं, आपोआप लागत नाही. वहिनी म्हणते, तिच्या मागे लागू नका. मी म्हटलं, माझ्या बहिणीला मी ओळखतो.

नाव परत घाल यादीत. माझे आशीर्वाद भरपूर आहेत, सराव तेवढा तुझा तुला करायचाय.

दादा


१९ फेब्रुवारी

दादास,
नमस्कार.

आज ती. नाही आणि सा. न. वि. वि. पण नाही. हात जोडावेत असं आज वाटत नाही.

शनिवारी मी ती गिटार विकायला घेऊन गेले, जिथून तू आणलीस त्याच दुकानात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, विकताय कशाला? मी म्हटलं, माझ्या हातात ताल नाही. शेवटचं वाजवून दाखवते म्हणून मी पिशवीतून गिटार काढली आणि पट्टा गळ्यात घातला. बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, उलटी धरलीत तुम्ही. खरंच उलटी धरली होती. घाईत होते, मनात दुसरंच चाललं होतं, आणि माझ्या हातांनी तिला आपसूक उलटं धरलं होतं.

मग त्यांनी स्टूल घेतलं आणि भिंतीवर पार वरती टांगलेली एक गिटार काढली. दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता तिला, धूळ बसली होती. डावऱ्यांची. बटणं वेगळ्या बाजूला, तारा उलट्या क्रमाने. त्या म्हणाल्या, उजव्या हाताने तारा नुसत्या झाकून धरा, सूर नको, फक्त ताल धरा. मी डाव्या हातात पिक घेतलं. दादा, हात चालायला लागला. खाली-वर, खाली-वर, कुठे अडखळणं नाही की थांबणं नाही. मला काही करावंच लागलं नाही. दुकानात आलेला एक माणूस पायाने ठेका धरायला लागला. आणि मी भर दुकानात, छप्पन्न वर्षांची बाई, ढसाढसा रडले.

तेव्हा बाईंनी मला पाणी दिलं, बिलावरचं तुझं नाव बघितलं आणि सहज बोलून गेल्या. तू ऑक्टोबरमध्ये आलास तेव्हा त्यांनी तुला विचारलं होतं, बहीण उजवी की डावरी? आणि तू काय सांगितलंस? लहानपणी डावरी होती, पण आम्ही सुधारली.

सुधारली! मी काय बिघडलेली होते? हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने मी स्वतःला ठोंबी म्हणत होते. चार महिने पोरांचं हसू सोसलं. आणि तुला माहीत होतं! लोकांचे डोळे तपासून पोट भरतोस आणि सख्ख्या बहिणीचा हात तुला दिसला नाही.

मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, लिहिता कुठल्या हाताने. मी म्हटलं, उजव्या. खोटं नव्हतं ना ते. इतकी पक्की गाठ होती की डावा हात आधीचा, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. आता सगळं डोळ्यांसमोर येतंय. जेवणाचं टेबल, रविवारची सकाळ, पत्राचा कागद, आणि माझा डावा हात खुर्चीच्या दांडीला रुमालाने बांधलेला. अप्पा फक्त बघायचे. बांधायचास तू. आणि रडगाणं म्हणतोस? मी एकदाही रडले नाही. एकदाही नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. एवढी आगपाखड करायचं काय कारण? मी तुझ्या भल्यासाठीच आणली ना गिटार? डावऱ्यांच्या गिटारी मिळत नाहीत, मिळाली तर निवड नसते, क्लासात मास्तर दाखवतात ते सगळं उलटं दिसतं. मला वाटलं, उजव्या हाताने इतकं सुंदर लिहितेस, गिटारही वाजवशील. चुकलं असेल माझं, पण त्यात पाप काय केलं?

आणि रुमालाचं म्हणशील तर मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. अप्पांनी सांगितलं, मी केलं. त्या काळी शाळेत डावऱ्या मुलांच्या हातावर पट्टी बसायची, ती तुला बसू नये म्हणून अप्पांची धडपड होती. अप्पा आता नाहीत. त्यांना आता दोष देऊन काय मिळणार?

उपाय सांगतो. गिटार माझ्याकडे पाठव. तारा उलट्या बसवून देतो, उलटी धर, वाजव, झालं काम. उगाच राईचा पर्वत करू नकोस. वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये, एवढं तुझ्या पत्राने साधलं.

आशीर्वाद घ्यायचे की नाही ते तू ठरव, मी पाठवतोच आहे.

दादा


४ मार्च

दादास,
नमस्कार.

तारा उलट्या बसवून देणार म्हणे! बत्तीस वर्षं वाजवतोस ना? मग तुला ठाऊक नाही की गिटार उलटी धरली की आवाजाची बटणं वर येतात आणि दर फटक्याला कोपर लागून आवाज कमी-जास्त होतो? वायर वरच्या अंगाला येते. तारांच्या खाचासुद्धा जाड-बारीक हिशोबाने कापलेल्या असतात, जाड तार बारीक खाचेत बसत नाही. हे मला दुकानातल्या बाईंनी पाच मिनिटांत समजावलं. तुला हे सगळं येतं. पण पुन्हा मलाच वाकडं करून तुझ्या गिटारीत बसवायचं, हेच तुला सुचलं.

ती गिटार मी तिथेच देऊन टाकली आणि भिंतीवरची घेतली. तुला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. अँप ठेवलाय. त्याचा काही दोष नव्हता. यादीत नाव परत घातलं. माझी उजवी बोटं अजून आंधळी आहेत, सगळं पहिल्यापासून शिकतेय, चार महिने फुकट गेले ते गेलेच. मास्तर म्हणाले, दोनच कॉर्ड वाजवा काकू, पण तालात. त्यांनी माझी माफी मागितली. पोरगा आहे तो, त्याला मागता आली.

आणि एक सांगते, तुला माहीत नसेल. लॅबमध्ये मी तीस वर्षं मेण डाव्या हाताने कोरते. तिथे सगळे मला डावरीबाईच म्हणतात, तरी गिटार हातात घेताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या वरच्या जबड्यातले पुढचे चार दात आठवतात? स्कूटरवरून पडलास आणि लाजेने तोंडाला रुमाल लावून माझ्याकडे आलास? ते चारही मी डाव्या हाताने कोरले. तेच दात दाखवत तू त्या बाईंना सांगितलंस, आमची सुधारली.

अप्पांच्या मागे लपू नकोस. ते नाहीत, तू आहेस. मला तुझा उपाय नको, तुझ्या भल्याच्या गोष्टी नकोत. मला एक पत्र हवंय. वहिनीला सांग, तुझा उजवा हात खुर्चीला रुमालाने बांधायला, आणि डाव्या हाताने लिही. तोवर माझ्या घरी तुझं पत्र आलं तर मी न फोडता परत पाठवीन. मी बोलते ते करते, हे तरी तुला माहीत आहेच.

भिंगरी


२३ मार्च

भिंगरीस,

उजवा हात बांधलाय. वहिनीने बांधला. तिला बजावलं होतं, सैल नको.

सकाळी बसलो. आता दुपार झाली. चार कागद फाडले. शाई बाहीला पुसते. खाज येते तिथे हात जात नाही. मान दुखते. तू सात वर्षांची होतीस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. अप्पा म्हणाले होते, सैल बांध, तिला नुसती आठवण राहू दे. घट्ट मी बांधायचो. डाव्या हाताने तू माझ्यापेक्षा सुंदर लिहायचीस. अप्पांनी एकदा तुझं पान पाहुण्यांना दाखवलं. माझं नाही दाखवलं.

तू रडत नव्हतीस, म्हणून मी आणखी आवळायचो. अप्पांना नाही, मला दोष दे.

दुकानात त्या बाईंना सांगतानासुद्धा मला हे आठवत होतं. तरी तसं सांगितलं.

३० तारखेला येऊ का? मागे बसेन. नको असेल तर नको म्हण.

दादा


२६ मार्च

दादास,

सात वर्षांची होते तेव्हापासून या हाताने पत्र लिहिलं नाही. हे पहिलं. अक्षर वाकडं आलंय. वाचता आलं नाही तर दुकानात चष्मे भरपूर आहेत, एखादा लाव.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. एकदा फाडायला घेतलं होतं, यांनी हातातून काढून घेतलं. राग गेलेला नाही आणि इतक्यात जाणारही नाही. उलट आता जास्त आलाय, कारण इतकी वर्षं तो मी चुकीच्या माणसावर काढला. अप्पांशी शेवटी शेवटी मी धड बोललेसुद्धा नाही. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही, आणि तू सांगूही नकोस.

३० तारखेला साडेपाचला. टायरच्या दुकानावर, दुसरा मजला, जिना अरुंद आहे, जपून ये. वहिनीला आण.

मागे बसायचं नाही. पहिल्या रांगेत, अँपच्या अगदी समोर बसायचं, दोन्ही हात मांडीवर ठेवून. कान झाकायचे नाहीत.

आवाज मी कमी करणार नाहीये.

भिंगरी