बाबांची तिरकी खुर्ची

रविवार संध्याकाळ, पनवेल

स्टिरिओ लागला एकदाचा. पण आता तो ऐकावासाही वाटत नाही.

मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून व्हिडिओ बघून बघून स्पीकर लावले. दोन्हींच्या बरोबर मधे बाबांची खुर्ची. बाबा दर वेळी ती तिरकी करून बसत होते आणि मी दर वेळी ती सरळ करत होतो. शेवटी ओरडलोच, "बाबा, सरळ बसा ना! डावीकडचा आवाज वेगळा येतोय की नाही?"

"येतोय रं. झ्याक हाय," बाबा म्हणाले.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर माझी बायको मेघना हळूच म्हणाली, "अरे, त्यांना डाव्या कानाने ऐकूच येत नाही. म्हणून तर जेवताना मी त्यांच्या उजवीकडे बसते."

तिला लग्न होऊन या घरात येऊन दोन वर्षं झाली. मी जन्मापासून इथेच आहे. खुर्ची तिरकी का होते, हे एकदा तरी विचारावं की नाही? मी मात्र टेप लावून अंतर मोजत बसलो होतो.

बाहेर आलो. गाणं कधीच संपलं होतं. बाबा अजून तसेच बसले होते, मी सांगितलं तसे, अगदी सरळ.