मधोमध कापलेला घास

प्रिय ठकी,

तुझा निरोप मिळाला. येत्या गुरुवारी तू गाडी घेऊन येतेस आणि आपण दोघी बाबांच्या आवडत्या त्या जपानी सुशीच्या हॉटेलात दुपारचं जेवायचं, असं तूच लिहिलंस. तीन वर्षं तोंड फिरवून बसलेली माझी लेक आपणहून येते म्हणतेय! मी वेडी व्हायचीच बाकी होते. तुझी खोली झाडली, चादरी बदलल्या, शेजारणीला तर दोनदा सांगून झालं. तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर फाडू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, माझ्यावरच गेलीयेस.

ते हॉटेल आठवतं ना? बोळातलं, आठ स्टुलं, एक लांब लाकडी ओटा आणि ओट्यामागे शेफ. कच्च्या माशाला नाक मुरडणारी मी, बाबांच्या नादानं तिथलं पक्कं गिऱ्हाईक झाले. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप दाबून तो एकेक घास थेट आपल्यापुढे ठेवतो. पहिला घास आपण कुठल्या हातानं उचलतो ते बघतो आणि पुढचे त्या हाताला सोयीचे, जरा तिरके ठेवतो. बाबा डावखुरे, म्हणून त्यांचे घास उलट्या बाजूला तिरके. आणि झोपाळ्यावरून पडल्यापासून तुझा जबडा पुरता उघडत नाही, म्हणून तुझा घास तो मधोमध कापायचा. तुझा एकटीचाच. बाबा म्हणायचे, आमच्या ठकीचा थाटच वेगळा.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगते. बाबा गेले त्याच्या आधीच्या गुरुवारी त्यांना सर्दी होती, म्हणून मी एकटीच जेवायला गेले. शेफनं माझ्या शेजारच्या रिकाम्या स्टुलापुढे घास ठेवला, उलट्या बाजूला तिरका. मग दुसरा, मग तिसरा. मी हसून विचारलं तर बिचारा पांढराफटक पडला. म्हणाला, काम करताना मान खाली असते, माणसं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतात, तिथे कुणीतरी बसलंय असंच वाटलं. ते घास मी डब्यातून घरी आणले. बाबांनी मिटक्या मारत खाल्ले, वर माझी टिंगल केली. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत. तू आल्या आल्या मला विचारलंस, आई, तुला काहीच कसं कळलं नाही? मी गप्प राहिले आणि तू समजलीस की मला काही वाटत नाही. अगं, काय सांगणार होते मी तुला?

पुढच्या वर्षी तसंच झालं. कोपऱ्यात बसणाऱ्या शिवणवाल्या बाईंच्या शेजारी त्यानं एक घास ठेवला. त्यांचा भाऊ कधीकधी त्यांच्यासोबत यायचा, तो परगावी होता, चांगला धडधाकट. आठवड्यानं बाई आल्या त्या भाऊ गेल्याचं सांगत, ओट्यावर डोकं टेकून रडल्या. तेव्हापासून शेफ घास ठेवण्याआधी मान वर करून प्रत्येक स्टूल बघून घेतो. एवढं होऊनही मी जात राहिले. खरं सांगू? आपले बाबा पुन्हा शेजारी येऊन बसतील, अशी वेडी आशा होती.

काल गुरुवार होता. पुढच्या खेपेसाठी दोन स्टुलं राखून ठेव, असं जेवण झाल्यावर त्याला सांगणार होते, सांगायचं राहूनच गेलं. चौथ्या घासाला त्यानं मान वर केली, माझ्या शेजारी नीट बघितलं, ओळखीचं हसला आणि तिथे घास ठेवून सुरीनं मधोमध कापला. तीन वर्षांत त्यानं तुला पाहिलेलं नाही गं. येऊ नकोस, ठकी. गाडीला हातसुद्धा लावू नकोस. बाबा तर घरातच होते, तेव्हा घरी बसून काही टळतं का, मला माहीत नाही, म्हणून हे वाचल्या वाचल्या डॉक्टरकडे जा आणि सगळं तपासून घे. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी विरघळले असते, ये म्हणाले असते, म्हणून कुरियरनं पत्र पाठवतेय. बाबांच्या वेळी मी हसण्यावारी नेलं, आता नेणार नाही. आईनं दारातून परत पाठवलं म्हण, म्हातारीला वेड लागलं म्हण, जन्मभर माझं तोंड बघू नकोस. चालेल मला. तू असलीस म्हणजे झालं.

तुझी वाट बघणारी आणि तरीही येऊ नकोस म्हणणारी,
तुझीच आई