धुतलेले पाय

आत्याबाई,

आज मोडवाला दारात आला होता, म्हणून माळ्यावरचं तुमचं तांब्याचं घंगाळ खाली काढलं, आणि दिलं नाही. "कशाला ठेवता बाई, आता कोण वापरतंय घंगाळ," असं म्हणत तो बराच वेळ उभा होता. जा बाबा, पुढच्या वेळी बघू, म्हटलं. तो गेल्यावर पदरानं आतली धूळ पुसली आणि उंबऱ्यातच बसले. सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडची रीत, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या नावानं मी तुम्हाला कधी हाक मारलीच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवणारं या गल्लीत माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तरी दुपारची भांडी घासताना मी तुमच्याशीच भांडते. शेजारणीला वाटतं म्हातारी देवाचं काहीतरी पुटपुटतेय. आज म्हटलं, भांडण कागदावर करू. सातवी फायनल झालेली सून आणली म्हणून तुम्हीच गावभर मिरवायचात ना, मग आता वाचा.

एकाहत्तर सालातली गोष्ट. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तुमचा लेक कालव्यावर पाटकरी. पाण्याची पाळी सुटली की आज या गावची चारी उघड, उद्या त्या गावची, असं पाटाच्या कडेनं पायी हिंडायचं त्याचं काम. पहिल्यांदा तो तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात येऊन उभा राहिला, आपल्याच घराकडं परक्यासारखा बघत. तुम्ही विचारलंत, "कुठं हुतास रं?" तो म्हणाला, "डोक्यात मुंग्या आल्या. मंग काय झालं, मला ठावं न्हाई." तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात. "त्यांचंच हाय हे. बापाचंच दुखणं आलं गं बाय लेकाला," एवढंच बोललात.

मामंजींना मी पाहिलं नव्हतं, पण तुमच्या सांगण्यातून ते मला पाठ झाले होते. चांगला कष्टाळू माणूस, एक दिवस भिंतीशी बोलायला लागला. ताटात वाढलेलं तसंच ठेवून निंबाचा पाला चावत बसायचा. अनवाणी चालत सुटायचा तो पार राहुरीपर्यंत, आणि कुणीतरी बैलगाडीत घालून आणायचं. आपला उंबरा ओळखू यायचा नाही, तुम्हालाच विचारायचा, "या घरची मानसं कुठं गेली?" मग तुम्ही घंगाळात ऊन पाणी काढायचात, त्यांचे पाय त्यात ठेवायचात, भेगांत रुतलेले बाभळीचे काटे सुईनं काढायचात आणि हळद भरायचात. पोरं दगड मारायची, भावकी म्हणायची बांधून ठेवा, तुम्ही मात्र शेवटपर्यंत पाय धुतलेत. तुम्हाला दुसरं औषधच माहीत नव्हतं, आणि त्या वेळी दुसरं होतं तरी कुठं जवळपास?

म्हणून त्या सकाळीही तुम्ही घंगाळच काढलंत. लेकाला लाकडी पाटावर बसवलंत, एक पाय हातात घेतलात, आणि काय झालं कोण जाणे, लगेच खाली ठेवलात. "माझं गुडघं धरल्यात. तू धू," असं म्हणून चुलीकडं तोंड करून उभ्या राहिलात. तेव्हापासून ते काम माझं झालं. दुखणं यायचं, तो जायचा, दोन-तीन दिवसांनी परत यायचा, आणि मी पाणी तापवायची.

मामंजींचं दुखणं अवसे-पुनवेला चढायचं, म्हणून याचंही तसंच असणार, असं तुम्ही ठरवलंत. मग काय, दर अवसेला लिंबू उतरवायचं, तिकाटण्यावर, तीन वाटा फुटतात तिथं, टाकून यायचं, मागं वळून बघायचं नाही. मी शिकलेली ना, मी त्याच्यावर ताण केली. तो गेला की कॅलेंडरवर त्या तारखेला काजळाचा ठिपका द्यायला लागले. चंद्राशी ठिपके जुळेनात. कधी अष्टमीला, कधी चतुर्थीला. तरी माझा हट्ट सुटेना. मी म्हणायची, अवसेचा जोर आधी चार दिवस लागत असेल, नाहीतर नंतर चार दिवस. असं धरलं तर महिन्यातला कुठला दिवस जुळत नाही, सांगा बरं! बिनडोक नुसती.

त्याच उन्हाळ्यात राहात्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. त्याला दाखवायला म्हणून तुमचा लेक काही येईना, मग मी एकटीच गेले. डॉक्टरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यानं मला तीनच गोष्टी विचारल्या. कालव्याचे साहेब पाहणीला येतात तेव्हा असं झालंय का? जाताना चप्पल घालून जातात का? परत आल्यावर दाढी वाढलेली असते का? मी म्हटलं, साहेब आल्यावर नाही झालं कधी. चप्पल घालतात, छत्रीपण नेतात. आणि दाढी... दाढीचं आठवत नाही. आठवत होतं, आत्याबाई. गुळगुळीत असायची. डॉक्टर म्हणाला, "त्यांना घेऊन या, मी बघितल्याशिवाय काही बोलणार नाही. पण बाई, तुम्ही स्वतः नीट बघा." मला राग आला. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, डॉक्टरला काही कळत नाही. तुम्हीही मान हलवलीत.

पुढच्याच महिन्यात नगरहून मास्तरणीच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं. दोन वर्षं तिथंच राहायचं, मग शाळेवर नेमणूक. लग्नाआधी वडिलांनी अर्ज करायला लावला होता, तो पुन्हा केला होता मी. पाकीट हातात घेऊन सगळं घर हिंडले. तुम्ही नुसत्या ज्वारी निवडत राहिलात, खडा नसलेली ज्वारी पुन्हा पुन्हा. चार दिवसांनी मीच लिहून टाकलं, पती आजारी असल्याने येता येत नाही. पोस्टात टाकून आले आणि भाकरी थापायला बसले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. धरणात होतं ते पाणी पिण्यापुरतं राखलं, पाट कोरडा पडला, त्यात पोरं गोट्या खेळायला लागली. पाटकऱ्याला काम नाही, म्हणून तुमच्या लेकाला खडी फोडायच्या कामावर माणसांची हजेरी घ्यायला लावलं. सकाळी जायचा, दिवस मावळायला घरी. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, कामावर मिळणारी सुकडी सगळं गाव खात होतं, माणसं हवालदिल झाली होती. डोकं फिरायचं तर त्या वर्षी कुणाचंही फिरलं असतं. आणि तुमच्या लेकाचं डोकं आठ महिने एकदम ठणठणीत! एक मुंगी आली नाही. तुम्ही म्हणायचात, "देवानं ऐकलं." मीही बळंच हं म्हणायची.

भिंतीचा पोपडा झाकायला आपण जुनी कॅलेंडरं त्याच खिळ्याला मागं मागं लटकवत ठेवायचो. तुमचा लेकही पाण्याच्या पाळीचं पत्रक त्याच खिळ्याला अडकवायचा, कुठल्या तारखेला कुठल्या गावाला पाणी, असं लिहिलेलं. एका दुपारी खिळा निसटला आणि सगळी चळत खाली आली. गोळा करता करता एकाहत्तरचं कॅलेंडर आणि पत्रक मांडीवर शेजारी शेजारी पडलं. माझे काजळाचे ठिपके, आणि त्याच तारखांना पत्रकात एकच गाव, पाटाच्या अगदी शेवटाला, टेलचं. दुसरं गाव नाही. दोन वर्षं मी आभाळातला चंद्र बघत होते आणि बोटभर मागं तो कागद लटकत होता. मला आधी हसायलाच आलं. मग मागच्या दाराला जाऊन ओकले.

तुम्ही तेव्हा जात्यावर होतात. मी दोन्ही कागद तुमच्यासमोर टाकले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मी बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, "हे दुखणं नाही आत्याबाई. टेलच्या गावाला बाई आहे." तुम्ही जात्याचा खुंटा सोडला नाहीत. "मला ठावं हाय," म्हणालात. कधीपासून, मी विचारलं. "पयल्या दिसापासून. पाय हातात घेतला तवाच. येड्याचं पाय इतकी वर्सं धुतलेत म्या, मला कळंना व्हय? त्यांचं पाय रगतानं भरलेलं असायचं. ह्याच्या पायाला चिखलसुदिक नव्हता." मग बोलला का नाहीत, मी ओरडलेच. तुम्ही पिठाचे हात तसेच तोंडावर घेतलेत. "बोलले असते तर तू गेली असतीस. येड्या नवऱ्याला टाकून बाई जात न्हाई, बाहेरख्यालीला टाकून जाती. मला एकटीला ऱ्हायचं लई भ्या वाटतंय गं. त्यांच्यासंगं मी एकटीच हुते वीस वर्सं."

बारा दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही माझ्या ताटात वाढायचात, मी खाली मान घालून जेवायची. तुमच्या लेकाला मी काही विचारलं नाही, तुम्हीही नाही. पुढच्या पावसानं धरण भरलं, पाटाला पाणी सुटलं, टेलची पाळी आली, तसा तो छत्री घेऊन निघाला. त्या खेपेला परत आलाच नाही. निरोपही धाडला नाही, आणि आपण शोधायला गेलो नाही. तुम्ही आणखी चार वर्षं होतात. शेवटी तुमचेच पाय सुजले, तर मी याच घंगाळात ते शेकत बसायची. तुम्ही एकदा म्हणालात, "जा आता ट्रेनिंगला." वय उलटून गेलं होतं. मला बालवाडी मिळाली, ती मी निवृत्त होईपर्यंत केली. गावातली अर्धी माणसं माझ्या हाताखाली अ आ इ शिकलीत. संध्याकाळी मात्र माझ्या घरी कुणी फिरकत नाही.

तुमचा लेक वारला तेव्हा निरोप आला, म्हणून टेलच्या गावाला गेले होते. त्या बाईनं दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी तर चांगल्या दिसताय," म्हणाली. मला समजेना. मग कळलं. तिला त्यानं सांगितलं होतं, घरची डोक्यानं अधू हाय, भिंतीशी बोलती, निंबाचा पाला खाती, म्हणून टाकता येत न्हाई. ऐकून मला माझ्यापेक्षा मामंजींचं वाईट वाटलं. त्या बिचाऱ्याचं खरं दुखणं लेकानं दोन्ही घरी वापरून घेतलं. खऱ्या येड्याला कधी कुणी इतकं सांभाळून घेतलं नव्हतं, तुम्ही सोडून.

आता टीव्हीवर डॉक्टर सांगतात, मनाच्या दुखण्याला लाजू नका, उपचार करा. बरोबर आहे त्यांचं. मामंजींना तसं कुणी भेटलं असतं तर. आणि काही जण असंही सांगतात की बाहेर जायची सवय हेही कधी कधी दुखणंच असतं. असेल बाई, मी डॉक्टर नाही. पण दुखणाईत माणूस छत्री आठवणीनं नेत नाही, आणि साहेब येणार त्या दिवशी बरा होत नाही, एवढं मला दोघांच्या पायांवरून कळलं. एकाचे पाय मी पाहिले नाहीत, तरी.

हे लिहून घडी घालून घंगाळातच ठेवणार आहे, दुसरं कुठं टाकायचं? पण इतकी वर्षं मी तुमच्याशी ज्यावरून भांडते, की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला फसवलंत, त्यातलं अर्धं मी गाळते. ते आज सांगते. त्या पहिल्या सकाळी तुम्ही चुलीकडं तोंड केलंत आणि मी त्याचा पाय हातात घेतला. तीन दिवस पाटावर हिंडलेली टाच नव्हती ती. बोटांच्या बेचक्यात मातीचा कण नव्हता, आणि वास येत होता साबणाचा, आपल्या घरात कधी न आलेल्या. मला तेव्हाच कळलं. दोन वर्षं ठिपके देत होते, नगरला नकार लिहून पाठवला, ते सगळं त्यानंतरचं. एकटं राहायचं भ्या मलाही होतं, आत्याबाई. घंगाळातलं पाणी नितळ राहिलं होतं, तळ दिसत होता. तुम्हाला ते दिसू नये म्हणून मी कढीपत्त्याच्या आळ्यात न टाकता पार परसाच्या टोकाला नेऊन ओतलं.