पेला हलवायला विसरलो

मौझाताई,
तुझ्या अंगणात बरकत नांदो.

आमचं विमान लंडनकडे निघालं आहे. लेकाने आम्हा दोघांना पहिल्या वर्गात बसवलं. पलंग, दार, गालिचा! मी अफराला ठणकावलं, "माणसांचे असे वर्ग पाडणं हाच अन्याय!" त्या आवेशात 'पुरे' म्हणून कॉफीचा पेला हलवायला विसरलो. पेला हलत नाही म्हणून हवाईसेविका बिचारी आपल्या रीतीप्रमाणे ओततच राहिली.

"अहो, भाषण थांबवा, नाहीतर पेला हलवा. विमान कोरडं पडेल!" म्हणत अफरा खळखळून हसली. लंडनमधली तिची हृदयाची शस्त्रक्रिया ठरल्यापासून ती हसलीच नव्हती.

तुझा गुडघा कसा आहे? नमाजानंतर अफरासाठी दुआ माग. परतताना मला कुठल्याही वर्गात बसवा, शेजारी फक्त ती हवी.

तुझा भांडखोर धाकटा,
खल्फान