मडक्यापाशी कोण थांबणार

बाबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यावर टीका करायला घरात कोणाची हरकत नसते. सुरुवातीला तुमच्या फोटोला हार असायचा आणि तुमच्या सवयींनाही. आता फोटो आतल्या खोलीत गेलाय आणि सवयींबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. म्हणून कासूच्या डोंगराबद्दल लिहितो. गेल्या रविवारी आम्ही पुन्हा तिथे गेलो होतो, आणि या वेळी वर आई गेली. तुम्ही असता तर हे वाक्य वाचून पुढे सरकला असता, कारण त्यात विशेष काय आहे ते तुमच्या लक्षात आलं नसतं. आमच्याही आलं नव्हतं.

आपण पेणला राहायचो आणि तुमची कंपनी रोह्याला. आळीतल्या बाकीच्या लोकांचे वडील सुट्टीच्या दिवशी झोपायचे, बाजारात जायचे किंवा भावकीतल्या भांडणाला हजेरी लावायचे. तुम्ही आम्हाला डोंगरावर न्यायचात. पावसाळ्यात एकदा, सगळीकडे हिरवं झाल्यावर, घसरून पडायला. गणपतीच्या कारखान्यांतली धावपळ संपून गाव मोकळं झालं की एकदा, तेरडा बघायला. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावायला आणि उन्हाळ्यात करवंदं खायला. कासू स्टेशनात पॅसेंजरमधून उतरलं की तुम्ही पुढे, कंपनीने मशिनवर काम करण्यासाठी दिलेले लोखंडी टोकाचे बूट घालून, आणि मागे आम्ही स्लिपरमध्ये. त्या काळी आपल्याकडे डोंगरात माणूस गुरांमागे जायचा, लाकडाला जायचा, नाहीतर देवाला. नुसतं चढून उतरणारे तुम्ही पहिलेच. पायथ्याच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने एकदा तुम्हाला अडवून काळजीने विचारलं होतं, "सायेब, दरवेळी जाताव, काय हरावला काय वर?" तुम्ही म्हणालात, "पोरांना निसर्ग दाखवतोय." म्हातारा आजूबाजूला बघून म्हणाला, "मंग तो खाली नाय व्हय?" तुम्ही हसला नाहीत. तुमच्यावर कोणी विनोद केला की तुम्हाला तो माहितीचा प्रश्न वाटायचा.

अर्ध्या वाटेवर उंबराखाली ती सपाटी लागते. तिथे तुम्ही शिफ्ट बदलल्यासारखं जाहीर करायचात: "सामान इथे. आई आरामात बसेल. बाकीचे, चला." मडकं, पिशव्या, पाण्याचा कॅन, आमच्या ओल्या चपला आणि आई, एवढं सगळं सपाटीवर राहायचं आणि आम्ही वर. एकदा खडकाच्या टप्प्यावर मला दम लागला आणि मी बसकण मारली, तेव्हा तुम्ही वरूनच ओरडलात, "बसायचंच असेल तर खाली जा, आईजवळ बस!" मी तेव्हा आठवीत असेन. ती शिक्षा इतकी भयंकर वाटली की मी रडत रडत वर आलो. वर पोचल्यावर तुम्ही बोट दाखवून एकेक सांगायचात. ती धरमतरची खाडी, त्या माल वाहणाऱ्या बारजी, ते मिठागर, ती रुळांची रेघ. मग फोटो. फोटोत तुम्ही कधीच नसायचात, कारण कॅमेरा तुमच्या हातात. आई का नाही, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला पडला नाही. खाली आल्यावर आम्ही सगळे एकदम तिला सांगायचो काय काय दिसलं ते. ती "व्हय? बरं झालं" म्हणायची आणि मडकं फोडायला घ्यायची.

आता परवाची गोष्ट. परवा म्हणजे संक्रांतीच्या आसपास. आई स्वयंपाकघरात खाली बसून वालाच्या शेंगा निवडतेय, रोह्याहून ताई आलीय, आणि माझी मुलगी ओट्यावर बसून मोबाइल बघतेय. ती कॉलेजला आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. आजकाल आपल्या डोंगरावर शनिवार-रविवारी शहरातली मंडळी येतात. दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी आणि कमरेला गाण्याचा डबा. पोपटीचा तर महोत्सव होतो, बसायला खुर्च्या असतात. मुलीला असाच कोणाचातरी व्हिडिओ दिसला असावा. तिने विचारलं, "आजी, वरून खाडी नीट दिसते का गो?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "मी कुठे गेलीय वर."

ताई हसली. "आई, काहीतरीच. वर्षातून चार वेळा जायचो आपण."

"तुम्ही जायचात. मी उंबरापर्यंत."

"एकदापण नाही?"

"मडक्यापाशी कोण थांबणार?"

"पण पोपटी तर थंडीतच. बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी पिशव्या हायत ना. माकडं काय फक्त थंडीत येतात?"

बाबा, ताई वकिली शिकलेली आहे, पण तिने उलटतपासणी तिथेच सोडली आणि एक शेंग उचलली. आई शेंगा निवडत राहिली. मग कोणी काही विचारलं नसताना, त्याच सुरात तिने सांगितलं, की डॉक्टरने गुडघे बघितलेत, आता डोंगर चढायचं नाव काढायचं नाही असं म्हणालाय. पुढच्या वर्षी जिनाही जमतो की नाही बघायचं. "म्हणून या थंडीत जाऊन येते वर," ती म्हणाली. "नाय तर मग नाय." तिने परवानगी मागितली नव्हती, फक्त कळवलं होतं. ताईने डॉक्टरची बाजू मांडली, मी ताईची, आणि दोघांचं ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला बांधावर बघून ठेव रे. बाजारातला शिळा असतो."

गाडी आता वाडीपर्यंत जाते. तिथून सपाटीपर्यंत यायला आईला इतका वेळ लागला, की वाटेत शहरातल्या दोन तुकड्या आम्हाला ओलांडून गेल्या. त्यातली एक मुलगी आईला म्हणाली, "वॉव, आजी, इन्स्पायरिंग!" आईने मला विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी म्हटलं, "शाबास म्हणतेय." आई म्हणाली, "मग तसं बोलायला काय होतं?"

उंबराखाली तिने मडकं भरून घेतलं. तळाशी पाला, मग शेंगा, ओवा-मीठ, पानात गुंडाळलेलं चिकन, अंडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं. नंतर पदर खोचून उभी राहिली आणि आमच्याकडे बघू लागली. आम्हीही एकमेकांकडे. मडक्यापाशी कोणीतरी हवंच होतं. समोरच्या झाडावर माकडांची बैठक आधीच भरली होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न आपल्या घरात कधी उभाच राहिला नव्हता, त्यामुळे तो सोडवायची पद्धतही ठरलेली नव्हती. मुलीला तर आजीबरोबर जायचंच होतं. शेवटी ताई म्हणाली, "तूच थांब. तुला तसंही पाटाच्या बांधावर धाप लागते." मी म्हटलं, चालेल. मोठ्या मनाने म्हटलं. आपण काहीतरी त्याग करतोय आणि लोकांच्या तो लक्षात येतोय, असा माझा समज होता. त्या तिघी मागे वळून न बघता निघाल्या.

आता आराम कसा असतो ते तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला हे कोणी सांगितलेलं नाही. सपाटीवर सावली सरकत असते, तशी दर थोड्या वेळाने पिशव्यांसकट आपली जागा हलवावी लागते. माकडं पाठीमागून येतात. दगड मारावा तर ती दगडाकडे बघतात आणि मग आपल्याकडे, कीव आल्यासारखी. लाकडं गोळा करायला लांब जाता येत नाही, कारण माकडं. आणि जवळची लाकडं शहरातल्या मंडळींनी नेलेली. मला करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी मडक्याभोवती बरोबर आणलेला पेंढा रचला आणि आग लावली. आग बघत बसणं हे निदान काम तरी आहे.

आणि वर बघत बसलो. सपाटीवरून सगळा चढ दिसतो. आईचं जांभळं लुगडं, पुढे मुलगी, मागे ताई. खडकाच्या टप्प्याशी ते जांभळं थांबलं. खूप वेळ थांबलं. मग खाली बसलं. ताई वाकून काहीतरी बोलत होती आणि हाताने खालची दिशा दाखवत होती, ते एवढ्या लांबून कळत होतं. संपलं, असं मी मनात म्हटलं. तिथपर्यंत गेली, पुष्कळ झालं, आपण कौतुक करू, असली वाक्यंही जुळवायला घेतली. माझ्या विनोदी लिखाणाच्या धंद्यात अशी वाक्यं मी दुसऱ्यांची पकडून त्यांची टर उडवतो. एवढ्यात जांभळं उभं राहिलं. बाबा, ती खडकावर हात टेकून, लहान मूल जिना चढतं तशी, चारी हातापायांनी चढली. ताई मागून दोन्ही हात पसरून, पिंप सांभाळावं तशी. मी उभा राहिलो होतो हे मला एका माकडाने पिशवीतली केळ्यांची फणी नेली तेव्हा कळलं.

मग त्या दिसेनाशा झाल्या आणि थोड्या वेळाने फोन वाजला. आई होती. धापा टाकत होती. मी विचारलं, "पोचलीस?"

"धूर कशाला काढलास आत्ताच?"

"काय?"

"वरून दिसतोय धूर. आम्ही अजून वर हाय. उतरायला दुपार होईल. तोवर काय उरेल मडक्यात? आम्ही खडकाशी परत आलो की मग लावायचा जाळ."

"मला कुठे माहीत होतं?"

"कधी विचारलंस?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. आयुष्यात एकदा वर पोचलेल्या बाईने तिथून केलेला हा पहिला फोन.

दुपारी उतरल्या. मडकं फोडलं तर बाहेरच्या शेंगांचा कोळसा आणि चिकन थंड. आई दगडावर टेकली, पाय पसरले, कोळशातून एक अंडं शोधून सोलू लागली. गुडघे सुजलेले दिसत होते. मी विचारलं, काय दिसलं.

"तुम्ही सांगायचात तेच. खाडी, बारजी, रेल. सगळं जागच्या जागी हाय." अंड्याला मीठ लावून तिने अर्धं खाल्लं. "वारा कोणी सांगितला नाय."

"म्हणजे?"

"वर वारा हाय. डोक्यावरचा पदर राहत नाय इतका. एवढी वरसं सगळी येऊन सांगायचात, हे दिसलं, ते दिसलं. वारा एकानं नाय सांगितला." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारातून आणलेल्या पिशवीत एक वस्तू कमी निघावी, तेवढंच ते होतं. उरलेलं अंडं तिने मुलीला दिलं आणि म्हणाली, "चला, निघूया. गुडघं आता बोलायला लागलंत."

हे सगळं लिहिताना तुम्हाला काहीतरी सुनवायचं असं मी ठरवलं होतं. आईच्या वतीने. मुद्दे तयार होते आणि दोन-तीन वाक्यं तर छापण्यासारखी होती. पण आईला त्यात रस नाही. तिचं काम झालं, आता ती गुडघ्यांना तेल चोळत बसलीय. हे कागद तिला दाखवायची माझी हिंमत नाही आणि टपालखात्याकडे तुमचा पत्ता नाही, तेव्हा ते माझ्या टेबलाच्या खणातच राहतील. आणि खरं सांगायचं तर ते तिच्यासाठी लिहिलेलेही नाहीत. परत येताना गाडीत त्या तिघी वरच्या गोष्टी बोलत होत्या. खडक, वारा, कोण कशी घसरली, आजी कशी चढली. मी गाडी चालवत पेणपर्यंत वाट बघितली. खाली कसं होतं, एकटा काय करत होतास, हे मला कोणीही विचारलं नाही. आईनेसुद्धा नाही. एका दुपारीत मला इतका राग आला, बाबा, की तो सांगायला जिवंत माणसांत कोणी सापडलं नाही.