जिताड्यांची जेवणवेळ

काशीद, मंगळवार, दिवेलागण

आजही तळ्यातल्या जिताड्यांनी संध्याकाळच्या खाद्याला तोंड लावलं नाही. आठवडाभर पाण्याचा खारेपणा बघतोय, रोग शोधतोय. आणि आज भरदुपारी तळ्यावर गेलो, तर धाकटा भाऊ सुधीर आमच्या भाड्याच्या खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांना बांधावर उभं करून खाद्य फेकत होता. टाळ्या, आरडाओरडा. निम्मे मासे खाद्यावर, निम्मे भेदरून तळाशी.

माशाचं पोट ठरल्या वेळेला तयार होतं, पाचकरस तेव्हाच सुटतात. भ्यायला की भूक मरते. हे मी कॉलेजात नाही, वाचून आणि तळ्याकाठी बसून शिकलो. पहिलं शिकवलं ते सुधीरलाच. मान हलवत होता की!

"दादा, मासं ते. त्यांना काय घड्याल हाय?" म्हणाला. पाहुणे हसले.

हसू देत. पण रोज संध्याकाळी न खाल्लेलं, तरंगणारं खाद्य माझ्याबरोबर जाळीने काढत होता हा. "रोगच असंल, दादा," असंही म्हणाला. रोज दुपारी हा खेळ स्वतःच करून, कारण माहीत असून?

पाहुणे गेल्यावर मी त्याच्याकडची तळ्याच्या फाटकाची चावी मागितली नाही. त्यानेच काढून बांधावर ठेवली. मी 'राहू दे' म्हणेन, असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं.

उचलली.