पॉवरहाऊस थंड झालं

चांदीप, ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सावित्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून हे पत्र.

रेल्वे कारखान्याचं जुनं पॉवरहाऊस पाडणार आहेत. ह्यांनी आयुष्यभर कोळसा घातला तेच. पेपरात वाचल्यापासून हे तिथं जायचं म्हणतात. डॉक्टर नको म्हणतात. दम्यानं जिना चढवत नाही. शिवाय वाफेचा नळ फुटून ह्यांच्या पाळीतला फ्रान्सिस गेला तो तिथंच, ह्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर हे कधी त्याच्या घरी गेले नाहीत. तू समजाव, तुझं ऐकतील.

वाडीतली केळी पाठवतेय. पथ्य सांभाळ, माया ठेव.
तुझी सावित्री

जूचंद्र, ११ फेब्रुवारी

चि. सौ. सावित्रीस अनेक आशीर्वाद.

केळी मिळाली, पथ्य मोडलं. समजवायला म्हणून आलो आणि तू बाजारात गेलेली पाहून प्रल्हादरावांना रिक्षात घालून घेऊन गेलो. रागावशील, रागाव.

आत नुसती धूळ. प्रल्हादराव बॉयलरच्या दारापाशी गेले, त्यावर उघडा तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, थंड झालंय रे. मला वाटलं होतं रडतील. तसं काही नाही. परतताना म्हणाले, फ्रान्सिसच्या मुलीकडे, स्टेफीकडे जायचंय. मी म्हटलं, आधी सावित्रीला विचारा.

तब्येत जप. राग ओसरला की लिही.
तुझा दादा

चांदीप, २० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

दोन दिवस तुझ्या नावानं बोटं मोडली. मग ह्यांना मीच स्टेफीकडे नेलं.

चहा निवून गेला तरी हे कपाला हात लावेनात. शेवटी म्हणाले, तुझ्या बापाला बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, पोरीला आज सांगू नका, उद्या तिचा दहावीचा गणिताचा पेपर आहे. तेवढंही मला जमलं नाही. कारखान्यातली माणसं माझ्याआधी तुमच्या दारात पोचली होती.

स्टेफी बराच वेळ पदरानं डोळे पुसत होती. मग तिनं सांगितलं, तो पेपर चुकलाच, अंकल. ऑक्टोबरमध्ये दिला. बहात्तर मिळाले.

हे इतके खूश झाले, दादा, जणू निकाल आजच लागला. लगेच उठले, म्हणाले, चल, फ्रान्सिसला सांगून येऊ. आम्ही तिघं चर्चच्या मागे त्याच्या कबरीपाशी गेलो. ह्यांनी वाकून, मोठ्यानं मार्क सांगितले.

असाच जीव लावत राहा.
तुझी सावित्री